अक्का सासरी गेली

अक्का,

तुझा दहावा पांझरेच्या काठी झाला. कावळा लगेच शिवला. भटजी मागे सरले न सरले तोच तो उतरला आणि भाताचा घास घेऊन गेला. लोकांना हायसं वाटलं. आपला चुलतभाऊ नाना म्हणाला, "बघ भो आबा, काहीच इच्छा मागं ठेवली नाही म्हातारीनं." मग सगळे हातपाय धुऊन मांडवाखाली चहाला आले आणि तिथं तुला सोडून बाकी सगळ्या गोष्टी निघाल्या. केळीचा भाव निघाला, एरंडोलजवळचा रस्ता निघाला, कुणाच्या तरी मुलीचं स्थळ निघालं.

बायका एका कडेला बसल्या होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "इतकी वर्षं राहिली, अन् शेवटाला आश्रम."

"सून नोकरीवाली. तिला कुठलं जमतंय?"

"जमवायचं म्हटलं तर जमतं बाई. मन पाहिजे."

रूपाली, माझी सून, चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होती. नानानं हे ऐकलं, घसा खाकरला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मोठ्यानं म्हणाला, "आबाचा काय दोष? आजकाल घरात चालतं बायांचं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कपात बघत राहिलो. रूपाली पुढं आली आणि म्हणाली, "नाना, तुम्हाला साखर चालते ना? का बिनसाखरेचा आणू?"

मी त्या वेळी बोललो नाही. त्याच्या आधीही कधी बोललो नव्हतो. आता हे लिहून समाजाच्या मासिकाला देणार आहे. तिथं शेवटच्या पानावर गेलेल्या माणसांचे फोटो असतात, खाली जन्म, मृत्यू आणि शोकाकुल परिवार. तुझा तसा फोटो माझ्या मुलानं, नितीननं दिलाच आहे. तुझा भाचा आहे, त्यानं चांगला फोटो शोधला. पण मला त्या फोटोखाली जे लिहिलं जात नाही ते लिहायचं आहे. मी थकलो आहे अक्का, सांभाळून सांभाळून बोलायचं बळ आता नाही.

तुझं-माझं आयुष्यभर एकच भांडण होतं. तू स्वतःला पाहुणी म्हणायचीस आणि मी चिडायचो.

तू विधवा होऊन परत आलीस तेव्हा मी शाळेत होतो. माय आधीच गेलेली. तू आलीस, चुलीपुढं बसलीस आणि मग उठलीच नाहीस. मला वाढवलंस, माझं लग्न केलंस, भुसावळला रेल्वेच्या कचेरीत नोकरी लागल्यावर माझ्याबरोबर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आलीस आणि जळगावला पिंप्राळ्यात घर बांधलं तेव्हा पायाच्या दगडावर पाणीही तूच घातलंस. तरी तुझी लोखंडी पेटी कायम खाटेखाली भरलेली. तुझी भावजय म्हणायची, "अक्का, कपाटात एक खण रिकामा केलाय तुमच्यासाठी." तू म्हणायचीस, "पाव्हनानी पेटी बंदच बरी." मी रागावलो की हसायचीस. "बरं बाबा, तुन्हं घर, तुन्ही पेटी, मी बी तुन्हीच. जेव आते."

हे तू चेष्टेत म्हणतेस असं मला वाटायचं. पण दरवर्षी श्रावणात घरात कानबाई देवी बसली की ती चेष्टा राहायची नाही, हे मी बघत होतो.

आपल्या कुळात कानबाईचा रोट हा फक्त घरच्यांनी खायचा. घरात पुरुष किती, तितक्या मुठी गहू मोजून घ्यायचे, दळायचे, त्याच्या पुरणपोळ्या करायच्या. तो प्रसाद भाऊबंदांच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही. लग्न करून आणलेली सून घरची, ती खाऊ शकते. लग्न करून दिलेली लेक लोकांची, तिला द्यायचा नाही. बरं, तो रोट करायचं कोण? तू. गिरणीवाला जातं धुऊन घेतो की नाही हे बघायला तू समोर उभी राहायचीस. पुरण तू वाटायचीस, खापरावर मांडे तू टाकायचीस, कोपरापर्यंत लांबवून. आणि सगळी पंगत उठली की तू स्वयंपाकघरात कळण्याची भाकरी आणि गंगाफळाची भाजी घेऊन बसायचीस.

रूपाली लग्न होऊन आली त्या पहिल्या श्रावणात तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं तुझ्या ताटात पोळी वाढली. तू ती हळूच उचलून तिच्या ताटात ठेवलीस. "मी लोकेसनी शे, बाई. तू घरनी." रूपाली माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "आपल्यात असंच असतं." एवढंच.

मग तुला विसर पडायला लागला. पहिल्यांदा आम्ही हसलो. चष्मा पिठाच्या डब्यात, पीठ फ्रीजमध्ये. माझ्या बायकोला जाऊन किती वर्षं झाली तरी तू तिला हाका मारायचीस. पुढं हसणं गेलं. गॅस चालू राहायला लागला. पिंप्राळ्याच्या गल्ल्यांतून तू पारोळ्याकडच्या आपल्या गावाची वाट विचारत फिरायचीस आणि रिक्षावाले तुला ओळखून परत आणून सोडायचे. अंघोळ घालताना तू रूपालीला चावलीस. ती शाळेत शिकवायला जाताना पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालायला लागली. नितीन म्हणायचा, "बाबा, काहीतरी ठरवावं लागेल." मी म्हणायचो, "बघू." मी घरातला मोठा माणूस. माझं काम एवढंच राहिलं होतं, बघू म्हणायचं.

त्या श्रावणात कानबाई आपल्याकडे होती. भाऊबंद सगळे आलेले, दिवाणखान्यात पुरुषांची पंगत बसलेली. तू आतून आलीस. डोक्यावर पदर नव्हता, केस मोकळे. तू नानाच्या आणि माझ्या मधे येऊन मांडी घालून बसलीस, माझ्या ताटातली पोळी तोडलीस आणि तोंडात घातलीस.

कुणीतरी म्हणालं, "अरे, अक्कानं रोट खाल्ला."

तू दुसरा तुकडा तोडलास. "माले बाबानी दिन्हा," तू म्हणालीस. आपले वडील जाऊन किती काळ लोटला. तू सात-आठ वर्षांची झाली होतीस, लग्न व्हायच्या आधीची. तेव्हा तू रोट खायचीसच की. तुझ्या डोक्यात तू घरचीच होतीस.

भाऊबंदांतली एक म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली, "आता कानबाईचा कोप होईल." रूपाली दारातून म्हणाली, "खाऊ द्या ना. लहान मूल झालंय त्यांचं. मुलीनं खाल्ला असं समजा." नानानं फक्त माझ्याकडे बघितलं. सगळी पंगत माझ्याकडे बघत होती.

मी तुझं मनगट धरलं. तुकडा तुझ्या मुठीतून सोडवला. तू जोर केलास म्हणून मीही केला. तू ओरडलीस, "हाई मन्हं घर शे!"

आणि मी म्हणालो, "हे तुझं घर नाही."

एवढंच म्हणालो. पण सगळ्यांसमोर म्हणालो. आयुष्यभर ज्या वाक्यावरून तुझ्याशी भांडलो, ते तू कधी असं तोडून बोलली नाहीस, मीच बोललो. तुझी मूठ उघडली. मग तू उठलीस आणि शहाण्या माणसासारखी स्वयंपाकघरात निघून गेलीस.

निर्णय त्या दिवशी झाला. रूपालीनं घेतला नाही, नितीननं घेतला नाही. तुझ्या आजारानंही घेतला नाही. मी घेतला. भाऊबंदांसमोर पुन्हा असं काही व्हायला नको म्हणून. नाना निघताना चपला घालत म्हणाला होता, "लेक सासरची असती भो. तिथल्यांना कळव तरी." मला तो सल्ला सोयीचा वाटला. मी तुझ्या दिराच्या मुलाला धुळ्याला फोन लावला. तो बिचारा सज्जन. म्हणाला, "मामा, काकूंना आम्ही नाही म्हणणार नाही. पण त्या आम्हाला ओळखत सुद्धा नाहीत. आम्ही तरी त्यांना कुठं ओळखतो? देवपूरकडं एक जागा आहे, अशा म्हाताऱ्या माणसांना चांगलं ठेवतात. बघून येऊ का?"

धुळे. माझ्या कानाला ते नाव गोड लागलं. जळगावात अशा जागा नव्हत्या असं नाही. पण जळगावात ठेवलं असतं तर तो आश्रम झाला असता. धुळ्यात ठेवलं की ते सासरचं गाव. मी भाऊबंदांना फोन करून सांगितलं, "अक्का सासरी गेली. दिराच्या पोरानं आग्रहच केला." लोक म्हणाले, "चांगलं झालं. शेवटी आपल्या माणसांत." हे बोलताना मला लाज वाटली नाही. उलट आपण किती रीतीनं वागलो असं वाटलं. असा हा तुझा भाऊ.

घरात मी कुणाशी बोललो नाही, नुसतं सांगितलं. रूपाली म्हणाली, "आबा, एवढ्यात? एखादी बाई ठेवून बघू दिवसभरासाठी." मी म्हणालो, "ठरलंय."

तुलाही तेच सांगितलं, "अक्का, सासरी जायचंय." तुझ्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. तू नवं लुगडं मागून घेतलंस. डोक्यावरून पदर घेतलास. दारात आल्यावर रूपालीच्या गळ्यात पडून रडलीस, लग्नातल्या मुली रडतात तशी, सूर लावून. शेजारच्या बायका डोळे पुसायला लागल्या. रूपालीही रडली. मी पेटी गाडीत नीट बसते का ते बघत होतो. पारोळ्याजवळ तू एकदम काचेला हात लावून म्हणालीस, "भाऊ, आपलं गाव." मी म्हणालो, "येताना जाऊ."

पुढचं सांगायला अवघड आहे, कारण ते वाईट नाही.

ती जागा बरी होती. अंगणात निंबाचं झाड, खोलीत चार खाटा, खिडकीला ऊन. तुला आंघोळ घालणारी बाई साक्रीकडची. ती तुझ्याशी अहिराणीत बोलायची. आमच्या घरात पोरं शहरी बोलणारी, रूपाली शाळेतली मराठी बोलणारी, मीही कचेरीत राहून तसाच झालेलो. तुझ्याशी तुझ्या बोलीत बोलणारं घरात कुणी उरलंच नव्हतं, हे मला तिथं गेल्यावर कळलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीशी तुझं रोज भांडण. तिला वाटायचं तू तिची जाऊ, तुला वाटायचं ती तुझी नणंद. दोघी एकमेकींच्या सासूची उणीदुणी काढायच्या आणि दुपारी एकाच ताटात शेंगा फोडून खायच्या. तुझ्या अंगावर मांस चढलं. तू कुणाला चावली नाहीस.

मला खरं तर तू तिथं हाल सोसत असतीस तर सोपं गेलं असतं. मग मी तुला परत आणलं असतं, रडलो असतो, पाप फिटलं असतं. तू ती सोय ठेवली नाहीस. जागा योग्य निघाली. मी मात्र तुला योग्य जागी चुकीच्या कारणानं ठेवलं होतं आणि त्या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. मी पुष्कळदा तसा प्रयत्न करून बघितला.

एकच गोष्ट तुला चैन पडू देत नव्हती. आखाजी. वैशाखातली अक्षय तृतीया जवळ आली की नाही हे तुला तिथं कुणी सांगत नव्हतं, पण तुझ्या दृष्टीनं सासरी गेलेल्या लेकीला न्यायला भाऊ येणार, मुराळी होऊन येणार, हे पक्कं. मी खोलीत पाऊल टाकलं की तू टाळ्या वाजवायचीस. "मुराळी ऊना मन्हा!" त्या साक्रीच्या बाईला सांगायचीस, "हाऊ मन्हा भाऊ. माले लेवाले ऊना." पेटी खाटेखालून ओढायचीस. "चाल भाऊ, उशीर व्हई ऱ्हायना."

मी बसायचो, केळी सोलून द्यायचो. मग पाणी पिऊन येतो असं सांगून उठायचो आणि बाहेरच्या बाहेर बसस्टँड गाठायचो. पहिल्यांदा. दुसऱ्यांदा. मग मी जाणं कमी केलं, मग बंदच केलं. घरी सांगितलं, गुडघे दुखतात, एसटीत बसवत नाही. गुडघे दुखत होते हे खरं आहे.

रूपाली जात राहिली. रविवारी पहाटे डबा करायची, धुळ्याची गाडी धरायची, संध्याकाळी परत. तुला भरीत न्यायची, तुझी नखं काढायची. मला येऊन सांगायची, "आज आत्या मला माय म्हणत होत्या. तुम्हाला विचारलं." मी विचारायचो, "काय विचारलं?" ती म्हणायची, "भाऊ जेवना का, म्हणून." मग मी पेपर उघडायचो.

आणि लोकांना जेव्हा कळलं की अक्का सासरी नाही, आश्रमात आहे, तेव्हा कुणीतरी खोटं बोललं होतं हे उघड झालं. आबा सरळ माणूस, तो खोटं बोलणार नाही. मग कोण? सून. तिनंच सासऱ्याला असं सांगायला लावलं असणार. ही गोष्ट माझ्यापर्यंत आली तेव्हा मी ती खोडली नाही. मला ती ऐकायला बरी वाटली, असंही म्हणेन. लग्नकार्यात बायका रूपालीशी तुटक बोलायच्या. ती मला कधीच काही म्हणाली नाही. नानाला साखर विचारली, तसंच सगळ्यांना विचारत राहिली.

हे सगळं लिहून झाल्यावर मी तिला वाचायला दिलं. तिच्याबद्दल आहे, तिनं आधी बघावं असं वाटलं. त्यात मी लिहिलं होतं की रूपाली तुला शेवटपर्यंत सांभाळायला तयार होती, मीच तिच्याकडून ते पुण्य हिरावून घेतलं. बरंच लांब लिहिलं होतं. ती डायनिंग टेबलाशी बसून वाचत होती, मी मटार सोलायला घेतले होते.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "छापा. मला बरं वाटेल, खोटं कशाला बोलू? पण हे एक काढा."

"कोणतं?"

"मी तयार होते, हे. आबा, मी तयार नव्हते. माझे हात दुखायचे, मी शाळेतून घरी यायला घाबरायचे. तुम्ही नसतं पाठवलं तर दिवाळीनंतर मीच म्हटलं असतं, यांना कुठंतरी ठेवू या."

मी म्हणालो, "मग मी जे केलं..."

"तेच केलं असतं मी. पण मला विचारलं नाही कुणी. घरात ठेवताना नाही, नेताना नाही. आता पण तुम्ही मला देवी करून टाकलं, ते पण न विचारता." मग तिनं माझ्यासमोरची शेंगा भरलेली ताटली आपल्याकडे ओढली. "द्या इकडं. सोललेल्यात निम्मे किडके टाकलेत तुम्ही."

मी ते पान काढलं. त्या जागी ती म्हणाली तेच लिहिलंय.

त्यानंतर दोन दिवस माझ्या मनात एकच गोष्ट आहे आणि ती लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. रूपालीला विचारलं नाही, ते तर झालं. अक्का, तुलाही विचारलं नव्हतं. तुला काही कळत नाही, विचारून काय उपयोग, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं आणि सगळ्यांनी मान डोलावली होती. पण तुझ्याबरोबर राहणाऱ्या आम्हा तिघांना माहीत होतं की सकाळचा चहा झाला की तास-दोन तास तू बरीच भानावर असायचीस. रेडिओवरचं काय सांगितलं ते मला सांगायचीस. मी कोण, रूपाली कोण, आपण पिंप्राळ्यात राहतो, तुला काहीतरी होतंय आणि लोकांना त्रास होतोय, हे सगळं तुला त्या वेळी कळायचं. एकदा तूच म्हणाली होतीस, "भाऊ, मी तुमले भारी पडी ऱ्हायनी ना?" मी म्हणालो होतो, "काहीतरीच."

त्या वेळी तुझ्यासमोर बसून विचारता आलं असतं. तू बहुतेक हो म्हणाली असतीस. तू कशालाच कधी नाही म्हणाली नाहीस. नसतीस म्हणाली, तर मला तुला घरात ठेवावं लागलं असतं आणि पुढच्या श्रावणात पंगतीत मान वर करून बसावं लागलं असतं. यातलं काय झालं असतं ते मला माहीत नाही आणि ते कळू नये याची काळजी मीच घेतली. ड्रायव्हर सकाळी यायला तयार होता, उन्हाच्या आत पोचू म्हणाला.

मी त्याला दुपारी बोलावलं.